खालून आलेली ओ

गेल्या चैत्रात घाटघरच्या खालच्या अंगाला एका वाडीवर मी कामाला गेले, तेव्हा मला भीती होती ती फक्त परतीची एस.टी. चुकण्याची. मी प्राची. माहेर आण्याच्या पठारावरचं, नोकरी पुण्यात, काम जावात, म्हणजे कॉम्प्युटरच्या भाषेत, प्रोग्रॅम लिहिण्याचं. भूतखेत म्हटलं की मला हसू यायचं. आता येत नाही, पण ते पुढे सांगते.

त्या वाडीची एक पाणी संस्था आहे. धरणाच्या फुगवट्यातलं पाणी तीन पंपांनी उपसून वर शेतांना द्यायचं: वरचा पंप, मधला पंप आणि खालचा पंप. हे पंप मोबाइलवरून चालू करायचं वेब ॲप्लिकेशन आमच्या कंपनीनं करून दिलं होतं आणि आठवडाभर ते सारखं अडकत होतं. टोमॅटो जळायला लागले होते. संस्थेचे अध्यक्ष दादाभाऊ रोज फोन करून आमच्या साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. साहेबांनी मला पाठवलं. शिव्या त्यांना, ऊन मला.

काठावर पत्र्याची एक शेड होती. तिच्यात विजेचं मेन स्विच, भिंतीला टेकवलेली पहार आणि टोमॅटोची रिकामी क्रेट. एक क्रेट उलटी करून मी लॅपटॉप मांडला. पंप सांभाळणारा गोकुळ शेजारी उकिडवा बसला. तिशीतला, काटक, सतत हसणारा माणूस. त्याची आई लंकाबाई दाराशी बसून आमच्याकडे टक लावून पाहत होती. ती मला पहिल्यापासून आवडली नव्हती, आणि बहुतेक मीही तिला.

असल्या ॲप्लिकेशनमध्ये सगळं कोडात लिहिलेलं नसतं. सेटिंगची एक फाइल असते. तिच्यात प्रत्येक पंप एक सर्व्हिस म्हणून मांडायचा. त्याचा पत्ता काय, त्याला किती वेळा हाक द्यायची, उत्तरासाठी किती थांबायचं, एका वेळी किती कनेक्शन उघडायची. कनेक्शन म्हणजे टपरीवरचे कप समजा. मोजकेच असतात. एकानं पिऊन ठेवला की विसळून दुसऱ्याला. कुणी रिकामा कप धरून गप्पा मारत बसला की बाकीचे ताटकळतात.

इथे नेमकं तेच चाललं होतं. प्रत्येक पंपाला तीनदा हाक जात होती, आणि पहिल्या दोन हाकांना उत्तर घ्यायचंच नाही असं फाइलीत मुद्दाम लिहिलेलं होतं. तोवर कनेक्शन नुसतं उघडं. अशी दोन-तीन लटकली की सगळा कारभार ठप्प.

"हा उद्योग कुणाचा?" मी विचारलं.

गोकुळनं हसून आईकडे बोट केलं. "हिचा. आदीच्या साहेबाच्या मागं लागून लिवून घेतलं हिनं. काढून टाका ताई, लई ताप झालाय त्याचा."

"काढायचं न्हाई," लंकाबाई म्हणाली. "एका हाकेला ओ घ्यायची नसती. जित्या माणसाला तीनदा हाक मारावी, मंग खरं समजावं."

हे मला नवीन नव्हतं. पहिल्या हाकेला ओ देऊ नये, हे आमच्या आण्यातही लहानपणी बजावून सांगतात. पण ते कुणी सेटिंगच्या फाइलीत लिहील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी हसले. बाई उठून तरातरा निघून गेली.

मग गोकुळनं हळू आवाजात सांगितलं. हा खालचा पंप पूर्वी त्याचे वडील, बहिरू सांभाळायचे. तेव्हा मोबाइल वगैरे काही नव्हतं. वर शेडमधून एकानं ओरडायचं, खाली पंप बसवलेल्या विहिरीतून दुसऱ्यानं ओ द्यायची, मग स्विच टाकायचं. त्या दिवशी वर दादाभाऊ होते. त्यांनी विचारलं, "बहिरू, टाकू का?" खालून आलं, "व्हय, टाक." त्यांनी टाकलं. बहिरू तेव्हा मोटार आणि पंप जोडणाऱ्या कपलिंगवर वाकलेले होते. खांद्यावरचं उपरणं फिरत्या दांड्यात गेलं, आणि उपरण्यामागून मान. लंकाबाई पोचली तेव्हा डोकं पाठीकडे वळलेलं होतं.

"मग ओ कुणी दिली?" मी विचारलं.

"दादाभाऊ म्हनतात, आली व्हती. आय म्हनती, खोटं बोलतो, त्यानं वाट बगितलीच न्हाई." गोकुळनं खांदे उडवले. "मला काय म्हायती राव. मी शाळेत व्हतो."

त्यावरूनच पेटीची पद्धत आली होती. विहिरीत भिंतीवर एक पेटी. वरून हाक आली की तिच्यावर दिवा लागतो, खालचा माणूस बाजूला होऊन हिरवं बटण दाबतो, पडद्यावर 'तयार' उमटतं आणि तेव्हाच मोटार फिरते. ओरडण्याऐवजी दिवा, ओ देण्याऐवजी बटण. तीन हाका मात्र लंकाबाईनं वरून घालून घेतल्या.

ऊन डोक्यावर आलं. फुगवटा पार आटला होता. भेगाळलेल्या चिखलातून मेलेल्या माशांचा वास येत होता. गोकुळ म्हणाला, "तुमी तुमचं चालू द्या. तवर मी खालच्या पंपाच्या कपलिंगचं रबर बदलून घेतो. पेटी चालूच ऱ्हाऊ द्या, तुमाला कनेक्शन दिसाया पायजे ना. बटण दाबल्याबिगार काय फिरत न्हाई."

तो पाने घेऊन विहिरीत उतरला. शेडपासून विहीर हाकेच्या अंतरावर, रुंद तोंडाची, काँक्रीटची. बाहेर एवढा उजेड, पण तिच्यात दोन पायऱ्यांखाली काळोख होता. आतून पान्याचा आवाज येत राहिला. टक... टक... मध्येच त्याचं गुणगुणणं. विहिरीत ते घुमून दोघंजण गुणगुणल्यासारखं ऐकू येत होतं.

मी फाइल उघडली. तीनच्या जागी एक लिहिलं. उत्तर न घेण्याची ओळ काढून टाकली. तिन्ही पंपांना. फाइल जतन केली आणि ॲप्लिकेशन बंद करून पुन्हा सुरू केलं. पडद्यावर एकेक ओळ यायला लागली. वरचा पंप, जोडला. मधला पंप, जोडला. खालचा पंप, जोडला.

त्याच्या पुढची ओळ आली: खालचा पंप, हाक.

मी हाक दिली नव्हती. ती कशी गेली हे मला नंतर कळलं. सकाळी दादाभाऊंनी मोबाइलवर खालच्या पंपाचं 'चालू' दाबलं होतं आणि ते अडकून पडलं होतं. मी कनेक्शन मोकळी केली, तसं ते सुटलं. त्यात नवल नाही, असं होतं. मला तेव्हाही फारसं वाटलं नाही. हाक गेली तर गेली, खाली ओ कोण देणार? गोकुळ कामात होता.

पान्याचा आवाज थांबला.

पुढची ओळ आली: खालचा पंप, तयार.

मोटार गुरगुरली. आणि त्या गुरगुरीच्या वर गोकुळची किंकाळी चढली. मी आयुष्यात तसलं काही ऐकलेलं नाही आणि पुन्हा ऐकायचं नाही. मी क्रेट लाथाडून स्विचवर झेप घेतली. दांडा गंजलेला होता, दोन्ही हातांनी लटकले तेव्हा खाली आला. वीज गेली. पण फिरतं वजन लगेच थांबत नाही. विहिरीतून अजून आवाज येत होता, ओलं घोंगडं पिळल्यासारखा... आणि मग तोही बंद झाला.

मी पायऱ्या उतरले की पडले, आठवत नाही. डोळ्यांना काही दिसेना. ग्रीसचा वास, आणि त्यात दुसरा, कोमट. मग दिसलं. गोकुळचा उजवा हात कोपराच्या वरपर्यंत कपलिंगनं गुंडाळून घेतला होता. शर्टाची बाही, चामडी आणि हाड यांचा एकच पीळ. भिंतीला चुना दिलेला होता आणि त्यावर पार वरपर्यंत लाल शिंतोडे उडालेले. तो शुद्धीवर होता. तोंड रक्तानं भरलेलं. मी ओढणी काढून त्याच्या दंडाला करकचून बांधली.

"ताई," तो म्हणाला, "बटण... कुनी..."

पेटी समोरच्या भिंतीवर होती. मध्ये पंप. दोन्ही हात कपलिंगमध्ये घातलेल्या माणसाला ती पोचणंच शक्य नव्हतं. मी वळून पाहिलं. गोकुळचा डावा हात ग्रीसनं काळाकुट्ट होता. हिरवं बटण स्वच्छ होतं आणि त्यावरून पाणी ठिबकत होतं.

वाडीवरची पोरं धावत आली. त्यांनी कपलिंग खोललं, गोकुळला वर काढलं. हात त्याच्यासोबत सगळा आला नाही. दादाभाऊंनी जीप काठापर्यंत आणली आणि 'सकाळी मीच चालू दाबलं व्हतं' म्हणत खाली उतरले, तोच लंकाबाई आली. तिनं लेकाकडे एकदा पाहिलं. पायाशी पडलेला पाना उचलला आणि दादाभाऊंच्या तोंडावर घातला.

"मागं बी तूच हाक मारलीस!" ती ओरडली. दुसरा घाव कानशिलात बसला. "माजा मालक खाल्लास, आता लेक!"

दादाभाऊ गुडघ्यावर आले. साठीचा धिप्पाड माणूस, पण हात वर केला नाही. गालातून रक्त गळत होतं. "वैनी," ते म्हणाले, "तवा बी ओ आली व्हती गं... देवाशप्पत आली व्हती. बहिरूचा आवाज न्हवता, येवडंच मी कुनाला सांगितलं न्हाई."

तिनं पाना टाकला. शेडमधली पहार उचलून ती विहिरीत उतरली. जीप निघाली तरी खालून पेटी फोडल्याचे आवाज येतच होते.

गोकुळ वाचला. दंडापासून हात काढावा लागला. त्याच संध्याकाळी मी पुन्हा सगळीकडे तीन लिहिलं आणि खालच्या पंपाची सर्व्हिसच फाइलीतून उडवून दिली. पुण्याला आले. साहेबांनी चौकशी केली, हळहळले, दुसरं काम दिलं. मी मात्र रोज तो सर्व्हर उघडून बघायचे. सवय म्हणा, भीती म्हणा.

महिन्याभरानं एका दुपारी माझ्या डोळ्यांदेखत एक ओळ आली: मधला पंप, तयार.

हाक कुणीच दिली नव्हती. मी चाळून चाळून पाहिलं. ना पहिली, ना दुसरी, ना तिसरी. नुसतीच ओ. आणि तिच्या पाठोपाठ मोटार फिरली. मी फोन लावेपर्यंत भागू नावाच्या माणसाचा अंगठा आणि शेजारचं बोट गेलं होतं. तो पट्टा चढवायला उतरला होता.

दुसऱ्या दिवशी मी वाडीवर गेले. नेटवर्क तपासायला म्हणून. खरं तर मला गोकुळला बघायचं होतं.

घराच्या ओसरीवर तो झोपला होता. बायको सोनल उशाशी बसली होती. तिच्या उजव्या तळव्याला फडकं गुंडाळलेलं. लंकाबाई आत चुलीपाशी होती. ती मला बघून उठली नाही, पण पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"भागूचं काल झालं ना," सासूकडे बघत सोनल हळूच म्हणाली, "तवा मी धुण्याला गेल्ते. दुपारी ह्ये एकटेच झोपले व्हते. आत्याबाईंनी ऐकलं. झोपंत 'व्हय, टाक' म्हनाले. आवाज ह्यांचा न्हवता."

"रोज म्हणतात?"

"रोज येतं तोंडाशी. मी बाहेर पडू देत न्हाई. काल तेवडं ऱ्हायलं."

मी काही बोलणार, तोच गोकुळचा श्वास बदलला. ऊन अंगणात सरळ उभं होतं. त्याची मान ताणली गेली, जबडा उघडला, गळ्यात काहीतरी वर सरकताना दिसलं. सोनलनं फडकं सोडून उघडा तळवा त्याच्या तोंडात कोंबला आणि दुसऱ्या हातानं डोकं छातीशी दाबून धरलं. आतून एक आवाज तिच्या हातावर धडका देत होता. "व्ह... व्ह..." जबडा मिटला. तिच्या मनगटावरून रक्ताचा ओघळ कोपरापर्यंत आला. तिनं हात काढला नाही. मला रडू फुटलं, मी त्याचे पाय धरून बसले.

मग ते गेलं. त्याचं अंग सैल पडलं. त्यानं डोळे उघडले, मला ओळखलं.

"ताई, तुमी कदी आला?" तो म्हणाला. "हिच्या हाताला काय झालंय?"

"विळी लागली," सोनल म्हणाली.

मी पर्समधलं मलम काढलं आणि तिचा तळवा माझ्या मांडीवर घेतला. जुने व्रण, नवे व्रण, एकावर एक. ताज्या चाव्याच्या वरच्या-खालच्या दोन्ही ओळी ठसठशीत उमटल्या होत्या, समोरच्या एकेका दाताची खूण वेगळी मोजता येत होती. गोकुळ पूर्वीसारखा हसला, लाजल्यासारखा, आणि लगेच ओठांवर डावा हात धरला.

"हसाया बी लाज वाटती ताई," तो म्हणाला. "त्या दिवशी पायपावर तोंड आपटलं, वरचे समोरचे समदेच दात गेले."