रडणं माझं, हात त्याचा

साहेब, माझं एकच रडणं तुम्ही तीन वेळा दाखवलंत आणि त्याचं तोंड एकदाही नाही. ही चोरी आहे. चॅनलात बसून कात्री कोण चालवतं ते तुमचं तुम्हाला ठाऊक.

मी अंजू. औशाच्या संगमेश्वरअप्पांची मुलगी, आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. नांदेडबाहेरच्या माळावर तुम्ही कार्यक्रमासाठी आठ देशांच्या संघांना चिखलातून, दोरांवरून, भिंतींवरून पळवलंत. ओरडायला माणसं हवी होती म्हणून गावोगावच्या कॉलेजांच्या बस भरून नेल्यात, आमचीही. प्रत्येकाला एक देश वाटलात. माझ्या वाट्याला मंगोलिया आली. गालावर लाल-निळा रंग फासला, हातात झेंडा दिला. जिथं आम्ही प्यायच्या पाण्याच्या टँकरची वाट बघतो, तिथं तुम्ही टँकरनं पाऊस पाडलात.

खेळाडू अजून हॉटेलातच होते आणि आमचं जिंकणं-हरणं तुम्ही सकाळीच कॅमेऱ्यात उरकून घेत होता!

मी उभी होते कडेला. मधे दोर, दोराच्या पलीकडं ब्राझील.

"ओ मंगोलिया, झेंडा उलटा हाय!"

वळून पाहिलं. गालावर हिरवा-पिवळा रंग, केसांतून टँकरचं पाणी ठिबकतंय... आणि तोंडभर हसू.

"ब्राझीलनं आपलं बघावं."

"ब्राझील हिमायतनगरचं हाय. वैजनाथ म्हणत्यात."

"मंगोलिया औशाची."

"लई लांबून आलाव की!"

मी हसले. हसायचं नव्हतं, पण हसले.

आधी जिंकल्याचं नाचून झालं. मग भोंग्यावरून हुकूम आला, "मंगोलिया हरली. रडा!" बाकीच्या पोरी डोळे चोळू लागल्या. मला काही रडू येईना.

"मॅडम, तुमच्यासाठी सगळे थांबलेत," भोंगा खेकसला.

वैजनाथ दोराला टेकून हळूच म्हणाला, "कामून रडू येत न्हाई?"

"मंगोलिया हरली तर मला काय होतंय?"

"मंगोलियाचं सोडा. संध्याकाळी तुमची बस औशाला, माझी हिमायतनगरला. पुन्हा कोण कुणाला दिसतंय..."

हसत हसत बोलायला लागला होता. वाक्य संपता संपता हसू कुठं गेलं कोण जाणे. आणि माझे डोळे — खरोखरचे — भरून आले. पुढचं काही दिसेना. दोरावरून फक्त एक हात आला, रुमाल घेऊन. मनगटात नांदेडचं कडं, करंगळी वाकडी. मी रुमाल घेतला.

नेमका तेव्हाच तुमचा कॅमेरा तिथं होता.

निघताना त्यानं नंबर मागितला. मला कसला ताठा आला होता देव जाणे. म्हणाले, "आधी टीव्हीवर दिसा. दिसलात तर औशाला या, बसस्टँडसमोरच दुकान हाय. गल्ल्यावर अप्पा असतात, भ्या वाटलं तर परत जा."

"आन् न्हाई दिसलो तर?"

मी बसमधे चढले. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

कार्यक्रम लागला त्या दिवशी आख्खी गल्ली आमच्या घरात. मंगोलियाचा गडी चिखलात पडला आणि मी पडद्यावर रडले. टाळ्या! मी त्याचं तोंड शोधत होते. तुम्ही कापलं होतं. राहिला होता नुसता हात. मग ब्राझीलवाल्याचा पाय मुरगळला, तरी मीच रडले. आई म्हणाली, "गालावर एकाचा झेंडा आन् रडती दुसऱ्यासाठी?" शेवटी भारत जिंकला, तेव्हा तेच रडणं आनंदाश्रू म्हणून लावलंत. लाज नाही तुम्हाला.

अप्पांनी मात्र टाळी वाजवली नाही.

"रुमाल देणारा हात कुणाचा गं?"

"गर्दीतलं कुणीतरी असंल, अप्पा."

"गर्दी रुमाल देत न्हाई."

अट माझीच, आणि तीच माझ्या पायात आली. तो दिसला नव्हता. आता कशाला येईल? रुमाल उशाखाली ठेवून मी रोज तुम्हाला शिव्या घालत होते.

एका दुपारी मागच्या खोलीत खिळे तोलत होते. बाहेर आवाज आला, "काका, नायलॉनची दोरी द्या." दारातून दिसलं, अप्पा खाली मान घालून दोरी मोजत होते. गल्ल्यावर एक हात टेकला. मोजणं थांबलं.

"करंगळी कशानं मोडली?"

"खो-खोत. खांबावर आपटली."

"आन् रुमाल? मिळाला का परत?"

"न्हाई काका. त्याच्यासाठीच आलो."

मी बाहेर आले. जीभ शाबूत होती. "टीव्हीवर दिसला न्हाईत. यायचं न्हाई असं ठरलं होतं."

"हात तर दिसला," तो म्हणाला. "जेवढा दिसलो, तेवढा तर येऊन जावं म्हणलं."

अप्पांनी आतल्या खुर्चीकडं बोट केलं. "बस. चहा घे. बाकीचं मग."

बाकीचं पुष्कळ झालं. तो आमच्यातला नव्हता, घरात दिवाळीपर्यंत भांडणं चालली. पण त्याचं तोंड दिसलं असतं तर अप्पांनी आधी आडनाव विचारलं असतं. तुम्ही नुसता हात दाखवलात, आणि हाताला आडनाव नसतं. अप्पांनी आधी माणूस ओळखला, जात मागाहून विचारली. तोवर चहा पिऊन झाला होता.

म्हणून तुमचे उपकार मानते साहेब. मनापासून, रागासकट. तुमच्या चोरीनं माझं घर भरलं.

माघात लग्न आहे. तो शपथेवर सांगतो, "त्या वेळी मी बी रडलो व्हतो." माझे डोळे भरलेले, मी पाहिलं नाही. कापलेलं तोंड तुमच्याकडं आहे. तीन वेळा माझं रडणं वापरलंत, आता एकदा त्याचं बघा आणि खरं सांगा.

रडत होता का नव्हता?