बोनेटवर हात ठेवून बघ

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना थापा वाटतील त्यांनी राजोडीला या आणि मंगळवारी पहाटे पाच वाजता फ्लॉसीच्या अंगणात उभं राहून दाखवा.

फ्लॉसी माझी मावसबहीण. वय बावन्न, शाळेत गणित शिकवते. भित्री अजिबात नाही. उलट कोणी भीती दाखवली की हिचं डोकं फिरतं.

तिचा नवरा गॉडफ्रे डायलिसिसवर आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार. पहाटे सहाची पहिली शिफ्ट. ती चुकली की थेट दुपारचा नंबर, आणि तोवर त्याच्या अंगात पाणी भरून धाप लागते. रिक्षावाला दोनदा आलाच नाही. दुसऱ्या वेळी गॉडफ्रे उंबऱ्यावर बसून श्वासासाठी तडफडला.

त्याच दिवशी फ्लॉसीने ठरवलं. गाडी घ्यायची, जुनी तर जुनी. पण सकाळी एका चावीत सुरू होणारी.

गॉडफ्रेचा चुलतभाऊ मायकल याचं बोळिंजला गॅरेज आहे. फ्लॉसीने पसंत केलेल्या गाडीचं नाव ऐकून त्याने कपाळाला हात लावला.

"वयनी, डायरेक्ट इंजेक्शन आहे ते. साध्या इंजिनात पेट्रोल वॉल्व्हवरून जातं, वॉल्व्ह धुऊन निघतात. ह्यात पेट्रोल थेट आत. वॉल्व्ह धुणारं कोन नाय. काजळी धरते. मग सकाळी थंड असली की थरथरते, बंद पडते."

"सगळ्याच पडतात?"

"सगळ्या नाय. पन सेकंडहँडमध्ये कळनार कसं? न सांगता जा. पहिल्यांदा बोनेटवर हात ठेवून बघ. गरम लागलं तर मागे फिर. खोड लपवायला विकनारे आधीच गरम करून ठेवतात."

फ्लॉसी न सांगता एव्हरशाईन सिटीत गेली. विकणारा मुलगा संकेत तिला तळघरातल्या पार्किंगमध्ये घेऊन गेला. गाडीवर बोटभर धूळ.

तिने बोनेटवर हात ठेवला...

गरम.

"आत्ताच चालवलीस ना?" तिने दरडावून विचारलं.

"नाही हो मॅडम. बाबा गेल्यापासून आठ महिने उभी आहे." त्याने बोनेट उघडलं. बॅटरीची वायर काढून बाजूला ठेवलेली होती.

तळघरात ऊन नाही. बॅटरी जोडलेली नाही. मग ऊब कुठली?

दुसरी कोणी असती तर पळाली असती. पण संकेतने वायर जोडली आणि गाडी अर्ध्या चावीत सुरू झाली. शिवाय सीट उंच, गॉडफ्रेला गुडघे फार न वाकवता बसता येईल अशी. फ्लॉसीने गाडी घेतली. मायकल आठवडाभर तिच्याशी बोलला नाही.

पहिला सोमवार. पहाटे सव्वापाचला ती अंगणात आली.

बोनेट गरम.

बुधवारी गरम. शुक्रवारी गरम. बाकीचे चार दिवस दगडासारखं थंड.

पेट्रोल कमी व्हायचं नाही. मीटर पुढे सरकायचा नाही. चावी तर रात्रभर तिच्या उशाखाली.

एका बुधवारी मायकल मुद्दाम पाचला आला. त्याला थंड इंजिन सुरू करून बघायचं होतं. त्याने बोनेटला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"फिरवून आनलीस?"

"नाही."

मायकलचा चेहरा उतरला. "वयनी, ही विकून टाक. नायतर निदान फादरकडून आशीर्वाद घे. नवी वस्तू घेतली की आपन घेतो ना. तू घेतलाच नाय."

हे मात्र खरं होतं. आमच्याकडे नवी सायकल घेतली तरी फादरच्या हातचं पवित्र पाणी पडल्याशिवाय कोणी वापरत नाही. दवाखान्याच्या धावपळीत ते राहून गेलं होतं. त्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर फादरने गाडीवर पाणी शिंपडलं, प्रार्थना केली. फ्लॉसीने आरशाला रोझरीची माळ टांगली.

सोमवारी सव्वापाचला तिने बोनेटवर हात ठेवला...

थंड.

चावी फिरवली. इंजिन थरथरलं, खोकलं, समोर पिवळा दिवा लागला आणि गाडी बंद. परत चावी. परत बंद. गॉडफ्रे सीटवर बसून बघत होता. मायकल आपली गाडी घेऊन येईपर्यंत पावणेआठ वाजले.

दुपारी तीनला नंबर लागला तेव्हा गॉडफ्रेचे पाय सुजून चपलेत मावत नव्हते.

"सांगितलं नव्हतं?" मायकल म्हणाला. "वॉल्व्हवर काजळी आहे. दोन दिवस लागतील साफ करायला."

फ्लॉसीला स्वतःचाच संताप आला. एवढे दिवस कोणीतरी आपलं काम करत होतं आणि आपण त्याला हाकलून दिलं, असं तिला वाटलं. मंगळवारी शाळा सुटल्यावर ती तडक एव्हरशाईनला गेली. संकेतची आई वसुंधरा घरात एकटीच होती.

"गाडी रोज सकाळी कोण गरम करायचं?" फ्लॉसीने आडवळण न घेता विचारलं.



"माझे मिस्टर, प्रल्हाद," वसुंधरा म्हणाली. "मी हॉस्पिटलात सिस्टर. सकाळची ड्युटी. थंड इंजिनला त्रास द्यायचा नाही, म्हणायचे. माझ्याआधी खाली जायचे. गाडी तयार झाली की एक छोटा हॉर्न. मग मी उतरायची. त्या मंगळवारी हॉर्न वाजलाच नाही. मी गेले तर... इंजिन चालू होतं आणि हे स्टिअरिंगवर."

त्या संध्याकाळी फ्लॉसी अंगणात गाडीसमोर उभी राहिली.

"प्रल्हादभाऊ," ती मोठ्याने म्हणाली, शेजारची क्लेमेंटीन कुंपणावरून बघत असतानाही. "माळ काढणार नाही. ती आमची आहे. पण तुम्हीही राहा. उद्या बुधवार आहे."

बुधवारी बोनेट गरम होतं.

दीड वर्ष झालं. वॉल्व्ह कोणी उघडले नाहीत. गाडीने एकदाही दगा दिलेला नाही. क्लेमेंटीन तिला वेडी म्हणते, मायकल अंगणात पाय ठेवत नाही. फ्लॉसी कोणाला जुमानत नाही.

इथवर मलाही कौतुकच वाटायचं.

मग गेल्या फेब्रुवारीतला शेवटचा मंगळवार. पहाटेचे पाच. फ्लॉसी मोगऱ्याच्या कळ्या खुडायला बाहेर आली. जाता जाता सवयीने बोनेटवर हात टेकला...

गरम.

मंगळवारी. प्रल्हादभाऊ गेले तो वार.

डावीकडचं पुढचं दार उघडं होतं. सीट पूर्ण मागे सरकवलेली. गॉडफ्रेला बसवताना ती सरकवते तेवढीच.

मागे पायांचा आवाज आला. गॉडफ्रे दारात उभा. शर्टपँट घालून, केस विंचरून.

"निघायचं ना?" तो म्हणाला. "हॉर्न वाजला."

फ्लॉसीने हॉर्न ऐकला नव्हता.

तिने दार धाडकन लावलं. कुलूप घातलं. गाऊनवरच बोनेटवर चढून बसली.

"प्रल्हादभाऊ, आज मंगळवार आहे. आज आमचा वार नाही. ह्याला मीच नेणार. मी म्हणेन तेव्हा."

बोनेट गार व्हायला सहा वाजले. तोवर ती हलली नाही. गॉडफ्रे तिच्याकडे बघत पायरीवर बसून राहिला.

तेव्हापासून प्रत्येक मंगळवारी असंच चाललंय. बोनेट गरम. गॉडफ्रे शर्टपँट घालून तयार. आणि फ्लॉसी बोनेटवर.

गेल्या मंगळवारी गार व्हायला नऊ वाजले.

आज सोमवार. मी फोन करून तिला म्हटलं, आता पुरे, ती गाडी काढून टाक.

"आणि परवा बुधवारी ह्याला नेणार कोण?" फ्लॉसी म्हणाली. "तू?"