ओव्यांचा वर्ग

भद्रकालीतल्या त्या वाचनालयात पुस्तकं आजवर जशी आली तशी कपाटात शिरली होती. रामकथेच्या मांडीला मांडी लावून गुरांच्या रोगांचं पुस्तक बसलेलं असे. कमिटीनं ठरवलं की आता सगळ्यांचे पद्धतशीर वर्ग पाडायचे, आणि काम चिमाजी मास्तरांच्या गळ्यात पडलं. शाळेतून निवृत्त झालेला भिडस्त माणूस. नाही म्हणणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

दिवाळीपासून ते रोज दुपारी येत. बाहेर तांबटांच्या हातोड्यांचा ठणठणाट आणि आत मास्तरांचा स्वतःशी वाद. हे धर्मात की इतिहासात? ठेवलं की वाटे, चुकलं. काढलं की वाटे, आधीचंच बरं होतं. संध्याकाळपर्यंत मानेला रग लागे आणि निम्मं टेबल तसंच राही.

पौषात त्यांच्या हाती त्यांचंच पुस्तक आलं. पातळसं. त्यांची बायको रंगूबाई जात्यावर ज्या ओव्या म्हणे, त्या त्यांनी उतरवून घेऊन छापल्या होत्या. सगळ्या लेकीवरच्या. ती लेक, साळू, पेठला दिली होती. पहिल्या बाळंतपणात ती गेली, त्यालाही बरीच वर्षं झाली. हाकेच्या अंतरावर पिठाची गिरणी असून रंगूबाईनं जातं सोडलं नव्हतं. साळू तिच्यापाशी उरली होती ती उजाडतानाच्या त्या घटकाभरच.

पेठच्या घाटामंदी गाडी लागली दिसाया,
लेक माझी साळूबाई आली माहेरा बसाया.

याचा वर्ग कोणता?

"मास्तर, पुस्तक घेऊन बसलात की अंडी उबवताय?" चिटणीस खंडेराव मागून म्हणाले. "बायकांची गाणी ती! कुठं बसत नसतील तर टाका संकीर्णात आणि चहा प्यायला चला."

संकीर्णाचं कपाट जिन्याखाली होतं. जे कुठंच बसत नाही ते तिथं. मास्तर थकले होते. ओव्या, पतंग बांधण्याची माहिती देणारं एक चोपडं आणि आणखी काही उरलंसुरलं त्यांनी आत सारलं आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जात्याची घरघर आली, पण नुसतीच.

"आज ओव्या नाही म्हटल्यास?"

"कसल्या?"

"साळूच्या."

रंगूबाईनं घास टाकता टाकता वर पाहिलं. "कोण साळू? शाळेतली कुणी होती का?"

तिनं अगदी सरळपणे विचारलं होतं. वय झालं, असं त्यांनी मनाशी म्हटलं. तिचं की आपलं, ते मात्र त्यांना ठरवता येईना.

मग संक्रांत आली. मास्तर गोदेच्या पुलावर पोचले आणि काहीतरी चुकतंय असं वाटून थांबले. वर आभाळ रिकामं होतं. निळंभोर, पुसून काढल्यासारखं. गच्च्यांवर पोरं बसली होती, पण ती नुसतीच ऊन खात.

जमीलभाई वाचनालयाची पुस्तकं बांधी, आणि दर संक्रांतीला पतंग करून विकी. मास्तर त्याच्या दुकानाशी गेले.

"जमीलभाई, यंदा पतंग नाही लावले?"

"काय नाही लावले?"

"पतंग हो!"

जमील हसला. "मास्तर, किताबांनी डोकं खाल्लं तुमचं. हे कुठलं जनावर?" त्याच्या मांडीवर बांबूच्या तासलेल्या काड्या होत्या. त्यांचा तो खराटा बांधत होता.

मास्तर तसेच वाचनालयात गेले. जिन्याखालचं कपाट उघडलं, पतंगांचं चोपडं काढलं आणि खेळांच्या वर्गात ठेवलं. स्वतःचंच हसू येत होतं. बाहेर आले तर तांबट आळीवर लाल, हिरवे, जांभळे पतंग भिडले होते आणि जमील ओरडत होता, "मास्तर, नातवंडांना मांजा नाही नेणार?"

त्यांना नातवंडं नव्हती.

संध्याकाळी त्यांनी ओव्या काढून संगीतात ठेवल्या. सकाळी रंगूबाई दळताना नुसता सूर गुणगुणत होती. शब्द नव्हते.

धर्मात ठेवल्या. रंगूबाईनं काळारामाचं नाव घेत सगळी पायली दळली. साळू आली नाही.

समाजशास्त्रात ठेवल्या. त्या दिवशी भाकरी थापता थापता ती आपण होऊन म्हणाली, "पहिल्या बाळंतपणात अशा पुष्कळ जातात, नाही? डोंगराकडं तर फारच." आणि तव्यावरची भाकरी उलटली.

मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत.

उरला होता चरित्रांचा वर्ग. त्या कपाटाचे दोन कप्पे त्यांनीच पाडले होते. वरचा हयात माणसांचा, खालचा दिवंगतांचा. नियमानं साळू खाली. खाली ठेवलं असतं तर सगळं पूर्वीसारखं झालं असतं. रंगूबाईला लेक आठवली असती, आणि लेक गेली तेही.

पुस्तक हातात धरून ते बराच वेळ उभे राहिले. सबंध आयुष्यात त्यांनी नियम मोडला नव्हता.

वरचा कप्पा गच्च भरला होता. एक काढल्याशिवाय दुसरं बसेना. कडेला चार पानांची एक गौरवपुस्तिका होती. निवृत्तीच्या वेळी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून छापलेली. मुखपृष्ठावर मास्तरांचा फेट्यातला अवघडलेला फोटो. ती तिथं ठेवतानाही त्यांना संकोचच वाटला होता.

त्यांनी ती काढली आणि खालच्या कप्प्यात ठेवली. फार बरं वाटलं, पाठीवरचं ओझं उतरवल्यासारखं. मग साळूला वर ठेवलं.

उजाडता उजाडता त्यांना जाग आली. जातं फिरत होतं. एकटीनं ओढलेलं जातं अडखळत फिरतं. हे सलग फिरत होतं.

पेठच्या घाटामंदी गाडी लागली दिसाया...

रंगूबाईचा आवाज. मास्तरांचे डोळे भरून आले.

दुसरी ओळ दुसऱ्याच आवाजानं उचलली.

ते भिंतीला धरून स्वयंपाकघराच्या दाराशी आले. जात्याच्या दोन्ही अंगांना पाट होते. खुंट्यावर दोन हात होते. एका हातात हिरवा चुडा.

तो दुसरा आवाज आता एकटाच गात होता. ही ओवी पुस्तकातली नव्हती.

बाप माझा मास्तर ग गेला पुस्तकं लावून,
मागं उरली माय माझी जातं ओढिते वाकून.

"अगं," मास्तर म्हणाले. "अगं, मी इथं आहे."

कुणी वळलं नाही.

रंगूबाईनं मूठभर जोंधळे जात्यात टाकले आणि घाम पुसायला पदर कपाळावरून फिरवला. कपाळ कोरं होतं. पुसण्याच्या आधीपासूनच.