सावलीत वाळवायचं बी

"ए! कोण रं तू? भरदुपारी शेंगा चोरतोस व्हय?"

भावकूशी मी बोललेलं पहिलं वाक्य हे.

श्रावणातला दिवस होता. घटकेत ऊन, घटकेत सर. आमच्या उचगावच्या शेताच्या बांधावर एक पँटवाला माणूस गुडघे टेकून बसला होता आणि त्याच्याशेजारी आमची भुईमुगाची पाच-सहा रोपं मुळासकट उपटून पडली होती. मी खुरपं उगारलं. तो दचकून उठायला गेला आणि घसरून पुन्हा चिखलात बसला.

"शेंगा न्हाईत गं... मला मुळं पायजेत."

"मुळं? मुळं कोण चोरतंय?"

"मीच. त्याच्यासाठी पुण्याहनं आलोय."

त्यानं एक मूळ माझ्यापुढं धरलं. मुळाला मोहरीएवढ्या गाठी होत्या. जन्मभर भुईमूग उपटले, पण त्या गाठींकडं मी कधी निरखून बघितलं नव्हतं. त्यानं नखानं एक गाठ फोडली. आत लालसर रंग.

"आत असं लाल दिसलं की समजायचं, कामकरी कामावर हाईत."

"कसले कामकरी?"

"जंतू."

मी मूळ फेकूनच दिलं. "जंतू म्हंजे रोगराई!"

"हे तसले न्हवंत. हे हवेतनं खत ओढून झाडाला देत्यात. झाड त्यांना राहायला जागा देतं, वर थोडा गोड रस."

"म्हंजे घरजावई म्हणा की!"

तो इतका हसला की त्याच्या गालावरचा चिखलाचा ठिपका डोळ्याच्या कडेला जाऊन भिडला. मी तो ठिपका दाखवायला हात वर केला... आणि तसाच खाली घेतला.

भावकू कडोलीचा, शेतकऱ्याचाच मुलगा. पुण्याच्या कॉलेजात जंतूंचा अभ्यास करत होता. मुंबई विद्यापीठाकडं प्रबंध द्यायचा, तो पास झाला तर कॉलेजात शिकवायची जागा. नाही झाला तर परत गावाकडं. हे सगळं त्यानं माझ्या आप्पांना सांगितलं. आप्पांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग माझ्या रोपांचं काय?"

त्यानंतर सुट्टी मिळाली की तो यायचा. खिशात एक भिंग असायचं. मी त्यातून मुळं बघायची आणि विचारायची, "हे निजत्यात का? शेजारच्या वावरातल्या जंतूंशी ह्यांचं भांडण होतंय का?"

"माहीत न्हाई," तो आनंदानं म्हणायचा आणि माझा प्रश्न वहीत उतरवून घ्यायचा. माझं बोलणं तोवर कुणी लिहून घेतलं नव्हतं. त्याची पेन्सिल चालायला लागली की मी मुद्दाम अजून एक प्रश्न विचारायची.

पुढच्या वर्षी मृगाच्या तोंडावर तो एक बाटली घेऊन आला. तोंडाला कापसाचा बोळा. त्यानं स्वतः वाढवलेले जंतू त्यात होते. आमच्या नव्यानं फोडलेल्या माळावर भुईमूग कधीच पेरला नव्हता, म्हणजे तिथल्या मातीत हे जंतू आधीपासून नसणार. तिथं दोन पट्टे पाडायचे. एकात जंतू चोळलेलं बी, एकात साधं. सगळा प्रबंध त्या दोन पट्ट्यांवर उभा राहायचा होता.

आणि त्याच दिवशी पुण्याहून तार आली. परीक्षेच्या कामाला ताबडतोब निघा.

त्यानं घाईघाईनं एका कागदावर लिहिलं आणि माझ्या हातात दिलं. "काय काय करायचं ते सगळं हेच्यात हाय. वाचता येतं न्हवं?"

मी कागदाकडं बघितलं, मग त्याच्याकडं. माझे प्रश्न वहीत लिहिणाऱ्या माणसाला नाही म्हणायला जीभ वळेना.

"व्हय," मी म्हटलं.

"खरं?"

"व्हय म्हटलं की! गाडी चुकंल तुमची."

गूळपाण्यात कालवून बियांना चोळायचं, एवढं तो तोंडानं बोलला होता. तेवढं मी केलं. पुढचं काय, ते ठाऊक असल्यासारखंच वाटलं. ओलं बी कुणी पेरतं का? अंगणात घोंगडं पसरलं आणि दिवसभर कडक उन्हात बी वाळवलं. कोंबड्या हाकलत, हातानं खालीवर करत बसले. इतक्या मायेनं मी कुठलंच बी वाळवलं नव्हतं.

भादव्यात तो आला. दोन्ही पट्टे सारखेच पिवळे. त्यानं एक रोप उपटलं, दुसरं उपटलं. मुळं बोडकी.

"आमचे कॉलेजातले साहेब म्हणत होते, हे जंतू ह्या मातीत जगायचे न्हाईत," तो हळूच म्हणाला. "त्यांचंच खरं झालं. शिमग्याला प्रबंध द्यायचाय... काय लिहू त्यात? बेळगावात कचेरीत कारकुनाची जागा हाय म्हणत्यात."

भिंग त्यानं खिशातून काढलंच नाही.

तो गेल्यावर मी पेटीतला कागद काढला. काय चुकलं माझं? गावातल्या मुलींच्या शाळेत सरोजिनीबाई शिकवायच्या. त्यांच्याकडं गेले.

"बाई, मला अक्षरं शिकवा."

"एकोणीस वर्षांची घोडी तू! आत्ता आठवलं?"

"एक कागद वाचायचाय."

"आण इकडं, वाचून दाखवते."

मी पदराखाली कागद घट्ट धरला. बाई हसल्या. त्यांनी पाटीवर 'क' काढून दिला.

दिवाळी झाली आणि ओसरीवर बसून, एकेक अक्षर जोडत, मी चौथ्या ओळीपर्यंत पोचले. 'सावलीत वाळवावे. ऊन लागल्यास जंतू मरतात.'

त्या 'सावलीत'वर बोट ठेवून मी बसूनच राहिले.

कुणालाच कळलं नसतं. आणि खरं सांगू? तो कारकून झाला असता तर बेळगावात राहिला असता... आमच्यापासून चार कोसांवर. खरं सांगितलं तर तो पुण्याला जाणार, आणि जाताना मला खोटारडी समजणार. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. मग बाईंकडून कार्ड मागून घेतलं आणि वर पत्ता तेवढा त्यांच्याकडून घालून घेतला. खाली मीच लिहिलं:

'मला वाचता येत नव्हतं. खोटं बोलले. बी उन्हात वाळवलं. मनू.'

दोन महिने उत्तर नाही. दारावरून पोस्टमन गेला की आप्पा माझ्याकडं बघायचे आणि मी चुलीकडं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भावकू दारात उभा राहिला. दोन्ही हातांत दोन पत्र्याचे डबे, डब्यांत भुईमुगाची रोपं. एक पिवळं, एक हिरवंगार.

"हे उन्हात वाळवलेलं," तो म्हणाला. "हे सावलीतलं. कार्ड मिळालं त्याच दिवशी पेरलं." त्यानं डबे खाली ठेवले, हिरवं रोप उपटलं, माती झाडली. मूळभर गाठी. एक फोडून माझ्यापुढं धरली. आत लाल.

"साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, प्रबंधात ह्या उन्हाचं एक प्रकरण वाढवा. आपले सगळे शेतकरी बियाला ऊन देत्यात, मनू. हे कागदावर यायलाच पायजे होतं."

"मी खोटं बोलले हुते," मी म्हटलं.

"मीबी चुकलो. कागद दिला आन् पळालो." त्यानं एक डबा उचलून या हातातून त्या हातात घेतला. "जागा मिळंल बहुतेक... पुण्यात. तिथं मोठं यंत्र हाय, त्यातनं जंतू हलताना दिसत्यात. तुझ्या प्रश्नांची वही अर्धी कोरी हाय. तू... म्हंजे आप्पांना विचारणारच हाय मी, पण आधी तुला..."

"घरजावई हुणार न्हाई म्हणा की," मी म्हटलं.

त्याचे कान लाल झाले. "मनू, सरळ बोल की गं!"

मी आत गेले. पेटीतला तोच कागद आणला आणि चौथ्या ओळीखालची कोरी जागा दाखवली. "काय इचारायचंय ते हितं लिहा."

त्यानं पेन्सिल काढली. भिंतीला कागद टेकवून लिहिलं. मी उजेडाकडं वळले आणि अक्षर जोडायला लागले. पहिला शब्द लागला. दुसऱ्याचा काना कुठं संपतोय ते बघत होते...

त्याला धीर निघेना. "वाचलंस का? व्हय का न्हाई?"

"थांबा हो जरा," मी म्हटलं. "ह्या खेपेला सगळं वाचूनच व्हय म्हणणार."