सिंहाची शेपटी

प्रेम शब्दांच्या पलीकडचं असतं म्हणतात. काळेवाडीत ते दहा बाय सहाच्या फ्लेक्सवर, एका शब्दापाशी सुरू झालं.

सिद्धेश चाकणच्या एका कंपनीत चार वर्षं कंत्राटी होता. कायम होण्याचं पत्र पोलीस पडताळणीपर्यंत आलं होतं. मित्राच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सची चिठ्ठी दुकानात देऊन तो वळला. चिठ्ठीत होतं, ‘काळेवाडीची समशेर’. कॉम्प्युटरवर मिनल होती. फारसी घेऊन एम. ए. झालेली, म्हणून फ्लेक्सच्या दुकानात.

“समशेर म्हणजे काय, माहितीये?”

“तलवार.”

“बाकदार तलवार. मूळ फारसी, शमशेर. शम म्हणजे शेपटी, शेर म्हणजे सिंह... सिंहाची शेपटी.”

“म्हणजे आमचा भाऊ शेपूट?”

“मी कुठे म्हटलं? छापताय तुम्ही.”

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला. छापायचं काहीच नव्हतं. मग शिफ्ट सुटली की रोजच – शाईच्या वासात दोघांचा चहा निवून जायचा. मिनलचे वडील लातूरहून आलेले, जन्मभर कंत्राटी. जावई कायम नोकरीचाच हवा, हा त्यांचा हट्ट.

“पत्र आलं की तुझ्या वडिलांना भेटतो.”

“आणि नाही आलं तर?”

“तर... तूच भेट त्यांना.”

सिद्धेशच्या वाढदिवसाला मित्रांनी केक आणला आणि इकडच्या रिवाजाप्रमाणे चाकूऐवजी तलवार. मिनलने बघावं म्हणून त्याने ती मोबाइलसमोर उंचावली. “समशेर म्हणजे सिंहाची शेपटी!”

स्टेटसला टाकलेला व्हिडिओ तिच्याआधी पोलिसांनी बघितला.

फिर्यादीत आलं, ‘आरोपीने दहशत पसरविण्याच्या उद्देशाने सिंहाचा उल्लेख केला.’ शेपटी गाळली होती. पडताळणीत गुन्हा निघाला, आणि कायम होण्याचं पत्र कंपनीतच राहिलं.

पहिल्या तारखेला मिनल कोर्टाच्या आवारात आली. त्याची दाढी वाढली होती.

“एक सांगायचं होतं... ते सिंहाचं बहुतेक खरं नाही. लोकांनी मागाहून जुळवलेलं. शब्द कुठून आला, नक्की कुणालाच माहीत नाही. मला ठाऊक होतं.”

“मग मला का सांगितलंस?”

“तू निघाला होतास,” ती म्हणाली. “थांबावंस म्हणून.”



“घरी काय म्हणतात?”

“सांगवीचं स्थळ आलंय. कायम आहे.”

“आणि तू?”

“मी म्हटलं, आधी याचा निकाल लागू दे.”

तेवढ्यात पुकारा झाला. जजसाहेब रजेवर होते.

पुढची तारीख मार्चची मिळाली. मिनलचं लग्न फेब्रुवारीत झालं.