कागदी बंगल्याची खिडकी

"पंखा नको!"

एर्लिना ओरडली, पण तोवर बटण दाबलं गेलं होतं. टेबलावरची जुनी वर्तमानपत्रं फडफडली आणि त्यातलं एक पिवळं पान उडून थेट आत आलेल्या तरुणाच्या छातीवर जाऊन चिकटलं. त्याने ते दोन्ही हातांनी धरलं... तान्ह्या बाळाला धरावं तसं.

"माफ करा हं. बाहेर इतकं उकडतंय, मला वाटलं तुम्हालाही—"

"मला नाही उकडत," घामाने निथळणारी एर्लिना म्हणाली. "आणि ते पान फाटलं असतं ना, तर तुम्हाला इथेच कोंडून ठेवलं असतं!"

"मग फाडू का थोडंसं?"

आगाऊच दिसतोय! तिने पंखा बंद केला, पान काढून घेतलं आणि हसू दिसू नये म्हणून कॅमेऱ्यामागे तोंड लपवलं.

इंडोनेशियातल्या सेमारंग शहराच्या चिनी पेठेतल्या त्या लहानशा वाचनालयात एर्लिना गावातल्या जुन्या वर्तमानपत्रांच्या पानापानाचे फोटो काढून संगणकात साठवायची. कुणी आजोबांचं लग्न शोधत यायचं, कुणी पणजोबांचं दुकान. हा आला होता नाव शोधायला. योसुआ लिमांतो त्याचं नाव.

"टेकडीवरच्या कबरस्तानातून रस्ता जाणार आहे," तो सांगू लागला. आता त्याचा आवाज गंभीर झाला होता. "वारसांनी कागद दाखवले तर कबरीला नवी जागा. नाहीतर सगळ्यांची हाडं एकाच खड्ड्यात. शुक्रवारपर्यंतच मुदत आहे."

"मग दाखवा की कागद."

"कबरीवर नाव आहे लिम त्योन हाय. माझे पणजोबा. आणि आम्ही सगळे लिमांतो! सदुसष्ट साली सरकारने चिनी नावं बदलायला लावली, तेव्हा ओपांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, सगळ्यांसारखीच आमचीही बदलली. नाव बदलल्याचा दाखला होता, पण भरतीचं पाणी घरात शिरलं त्यात गेला. आता शहाऐंशी वर्षांचे आजोबा रोज विचारतात, 'माझ्या बाबांनी मला काय म्हणून ओळखायचं?' ओपा म्हणतात, नाव बदलल्याची जाहिरात दिली होती. 'सुआरा पेसिसिर'मध्ये. एप्रिलात."

जाहिरात... नेमकी जाहिरात!

'सुआरा पेसिसिर'चे सगळे अंक तिने मागच्याच वर्षी संपवले होते. पण जाहिरातींचं चौथं पान? ते वगळायचं, हा नियम तिचाच. बातम्या म्हणजे इतिहास आणि जाहिराती म्हणजे साबण नि केसांचं तेल, असं ती ऐटीत सांगायची. आता 'सापडत नाही' म्हणून त्याला वाटेला लावणं सोपं होतं. पण त्याच्या डोळ्यांत अशी काही आशा होती की तिला खोटं बोलवेना.

"ते पान मी घेतलंच नाही," ती म्हणाली. "चूक माझी आहे."

आता हा चिडणार, या तयारीने ती उभी राहिली. तो मात्र तिच्याकडे बघतच राहिला.

"चूक कबूल करणारं माणूस बऱ्याच दिवसांनी पाहिलं," तो म्हणाला. "मूळ गठ्ठे कुठे आहेत? माझी स्कूटर बाहेरच आहे."

गठ्ठे त्या वर्तमानपत्राच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या म्हाताऱ्याचे होते, ओम गुनादींचे. ओम म्हणजे काका. गुनादीकाकांनी दोघांना चहा दिला आणि निवांतपणे बॉम्ब टाकला.

"अगं, सगळं मशिनमध्ये गेलं असं तूच म्हणालीस ना? मग मी कशाला वाळवी पोसू? दिले की ते तांता हुआला!"

एर्लिनाने कपाळावर हात मारला. तांता हुआ, म्हणजे हुआमावशी, मेलेल्या माणसांबरोबर जाळायचे कागदी बंगले बनवायची. वरून लाल-सोनेरी कागद, आतून रद्दी.

स्कूटर सुसाट निघाली. वळणावर एर्लिनाने त्याचा शर्ट धरला. वळण संपलं तरी सोडायचं राहून गेलं. त्यानेही आठवण करून दिली नाही.

"मार्चपर्यंतचे गठ्ठे तसेच पडलेत," हुआमावशी कात्री न थांबवता म्हणाली. "एप्रिल त्यात गेला."

तिने बोट दाखवलं तिथे दुमजली बंगला उभा होता. दारात कागदी मोटार, गच्चीवर कागदी नोकर. उद्या सकाळी तो जळायचा होता.

दोघांनी एकाच दारातून डोकी आत घातली.

"सरक ना जरा! दिवाणखाना माझा आहे."

"घे बाई. मी स्वयंपाकघर बघतो. एर्लिना... तुझा साबण सापडला!"

"गप्प बस आणि वर बघ."

त्याचा गाल तिच्या गालापासून चार बोटांवर होता. कागद चिकटवायच्या खळीचा वास येत होता, मान अवघडली होती, आणि एर्लिनाला तिथून हलावंसंच वाटत नव्हतं. रेडिओ, औषधी तेल, शिवणयंत्र... मग योसुआने एकदम बोट दाखवलं.

"काय रे?"

जिन्याशेजारच्या भिंतीवर, उलटं चिकटलेलं... तो मान वाकडी करून वाचू लागला. "मी लिम स्वी बिंग, कैलासवासी लिम त्योन हाय यांचा मुलगा, आजपासून... बिनतोरो लिमांतो..." पुढचं त्याला वाचता येईना.

पुढचं तिने वाचलं. वाचताना त्याचा हात घट्ट धरला होता, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

बंगला मात्र दुसऱ्याचा होता. हुआमावशीने त्या घरी फोन लावला. तिकडून बराच वेळ कुणीतरी बोलत होतं. मावशी हसली.

"म्हणतात, आमच्या बाबांना वारा फार आवडायचा. एक खिडकी जास्त झाली तर खूशच होतील. काप!"

एर्लिनाने श्वास रोखून भिंत कापली.

गुरुवारी कागद मंजूर झाला. पितरांच्या कबरी झाडून फुलं वाहायचा चेंगबेंगचा दिवस आला, तेव्हा ओपा नव्या जागेवर, वडिलांच्या दगडापुढे ताठ उभे राहिले. त्यांनी आपली दोन्ही नावं मोठ्याने उच्चारली. "आता कळलं ना बाबा, लिमांतो म्हणजे कोण?" असं म्हणून ते लहान मुलासारखे रडले आणि मग एर्लिनाला स्वतःच्या हाताने संत्रं सोलून दिलं.

उरलेली सगळी चौथी पानं एर्लिनाने हुआमावशीकडून परत आणली. ऑगस्टपर्यंत आणखी नऊ घरांना आपली हरवलेली नावं मिळाली. योसुआ दर शनिवारी पानं उलटायला यायचा, येताना गरम लुंपिया, म्हणजे भाजी भरलेले तळलेले रोल, आणायचा आणि टेबलापासून दहा हात लांब बसून खायची शिक्षा भोगायचा.

अशाच एका शनिवारी त्याने लुंपियाऐवजी एक कागद पुढे केला. खिळे जुळवून छापलेला, अजून ओला.

'वाङ्निश्चय. एर्लिना सुसांतो आणि योसुआ लिमांतो. दिनांक—'

पुढे कोरं होतं.

"हे... हे काय?"

"जाहिरात. ओम गुनादींनी छापून दिली. तू जाहिराती वगळतेस, म्हणून आधी विचारून घेतो." त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "मला तू फार आवडतेस एर्लिना. पंख्यासाठी ओरडलीस ना, तेव्हापासून."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर हुआमावशीला देईन. लागेल एखाद्या बंगल्यात."

ती हसली. हसता हसता डोळे भरून आले. तिने कागद कॅमेऱ्याखाली सरळ केला, चारही कोपऱ्यांवर वजनं ठेवली आणि खटकन फोटो काढला. मग पेन घेऊन त्याचा हात ओढला आणि तळहातावर तारीख लिहिली.

योसुआ तळहाताकडे बघतच राहिला. "म्हणजे... हो?"

"हो रे, हो!" एर्लिना म्हणाली. "आता पंखा लाव. शाई वाळू दे."