पडद्यावरची जुळी माणसं

वकील पाल्माबाईंचं पत्र येऊन सतरा दिवस झाले होते. गाव ज्यांना मानोंग, म्हणजे थोरला भाऊ म्हणे, त्या दुलोंनी ते शब्दकोशात दडवलं होतं, आणि तेव्हापासून शब्दकोश उघडायचंच टाळलं होतं.

पत्रात प्रश्न एकच होता. साखर कारखान्याच्या फाटकावर गोळी कोणी आणि का झाडली, याची चौकशी बाकोलोद शहरात होणार आहे. तिथे व्हिडिओ जोडून टेप दाखवायला, आणि ‘हीच ती टेप’ असं शपथेवर सांगायला, तुम्ही याल का?

दुलोंचा जन्म शाळेचं ग्रंथालय सांभाळण्यात गेला होता. चार माणसं समोर बसली की त्यांची जीभ टाळूला चिकटायची. पण यंत्राबरोबर येणारी पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारे गावात ते एकटेच. म्हणून गावातले सातही व्हिडिओ त्यांनीच जोडून दिले होते.

रविवारी संध्याकाळी एस्तर धापा टाकत दारात आली.

“मानोंग, चला! टेप गेली. मूर्ती हलवायच्या आधी लावून बघितली, तर नुसती गाणी! आपली टेप पुसली कुणीतरी.”

एस्तरचा नवरा फाटकावरच्या त्या गोळीने मेला होता. टेपमध्ये तो दोन्ही हात वर करून उभा होता. पहारेकऱ्याने बंदूक उचलली, तेव्हाही त्याचे हात वरच होते. कारखाना म्हणत होता, आधी दगड आले. टेपमध्ये एकही दगड नव्हता. एका परदेशी बातमीदाराने मागे ठेवलेली ती एकुलती एक प्रत होती. दुसरी काढायला लागणारी वायर अजून आली नव्हती.

टेप लपवायची जागा मात्र नामी होती. मारियामातेची मूर्ती दर रविवारी नव्या घरी मुक्कामाला जाई, आणि पेटीत तिच्या झग्याखाली टेप असे. आधी जपमाळ, मग दारं लावून टेप. मातेचा झगा उचलून बघायची हिंमत अजून एकाही शिपायाला झाली नव्हती.

या आठवड्यात मूर्ती शिवणकाम करणाऱ्या कोन्सिंगकडे होती. दुलो पोचले तेव्हा तिच्या घरात वीसेक माणसं होती आणि सगळ्यांची तोंडं एकाच वेळी चालली होती.

“तुझ्या भावाला कारखान्यात चिकटवलं ना परवा? त्याची परतफेड दिसतेय!” एक शेजारीण कोन्सिंगवर ओरडली.

“माझ्या भावाचं नाव काढशील तर याच कात्रीने जीभ छाटीन,” कोन्सिंग म्हणाली. तिचे डोळे लाल होते, पण आवाज ताठ होता. “आजच्या आधी मी ती टेप यंत्रात घातलीसुद्धा नाही.”

“अगं, घरात इतका कोलाहल कशाला?” मूर्तीची पेटी घरोघर नेणारे, जपमाळ चालवणारे, गावाचे तियो, म्हणजे काका, ब्राउलियो समजुतीने म्हणाले. “बाईमाणूस. दुपारी टीव्ही बघता बघता चुकून बटण दाबलं गेलं असेल. होतं असं. माफ करू या.”

“न केलेल्या गुन्ह्याची माफी तुमच्या घरी ठेवा, तियो.”

दुलो यंत्राकडे सरकले. हे यंत्र त्यांनीच जोडलं होतं. आपलंच काही चुकलं असेल तर?

“मला... जरा टेप बघू द्या,” ते पुटपुटले.

टेप सुरू झाली. दुपारचा गाण्यांचा कार्यक्रम. चकचकीत रंग. गाणाऱ्या बाईच्या उजव्या खांद्यामागे तिचीच फिकट सावली गात होती. साबणाची जाहिरात आली. साबणही दोन.

“हा कुठल्या दिवशीचा कार्यक्रम?”

“कसं सांगू?” कोन्सिंग म्हणाली. “ती बया रोज तीच गाणी गाते.”

दुलोंनी टेप काढली आणि शेजारी पडलेली कोन्सिंगच्या बहिणीच्या लग्नाची टेप घातली. नवरी एकच होती. मग ते गुडघ्यांवर बसले आणि डोकं टीव्हीच्या मागे घातलं. बराच वेळ त्यांची फक्त पाठ दिसत होती.

“कोन्सिंग, टेप बघायची असली की तू काय करतेस?”

“तुम्हीच शिकवलंत ना? अँटेनाची चपटी वायर टीव्हीच्या स्क्रूवरून सोडवायची, तिथे व्हिडिओची वायर लावायची. संपलं की पुन्हा उलटं.”

“मी जोडल्यावर कुणी काही बदललं?”

“चपटी वायर व्हिडिओत बसवायचा तो छोटा तुकडा आणल्याशिवाय काय बदलणार? तुम्हीच म्हणालात, तो बाकोलोदलाच मिळतो.”

“मागच्या रविवारी इथे टेप दाखवली होती?”

“कुठली? जपमाळ संपायच्या आत वीज गेली. सगळे अंधारात पानात गुंडाळलेला इबोस-भात खाऊन घरी गेले.”

“म्हणजे टेप चांगली असल्याचं शेवटचं कुठे पाहिलं?”

“त्याच्या आदल्या रविवारी,” एस्तर म्हणाली. “तियो ब्राउलियोंच्या घरी.”

दुलो उठले. चष्मा पुसला. बोलताना त्यांनी नजर कॅसेटवरच ठेवली.

“मी चुकत असेन तर सांगा. व्हिडिओला टीव्हीवरचं काही टिपायचं असेल, तर अँटेना आधी व्हिडिओत यायला हवी, आणि मग तिथून टीव्हीत. पुस्तिकेत तिसऱ्या पानावर चित्र आहे. कोन्सिंगची अँटेना सरळ टीव्हीत जाते. तिच्या व्हिडिओने अँटेना जन्मात पाहिलेली नाही. तिने चुकून बटण दाबलं असतं, तर टेपवर नुसत्या मुंग्या आल्या असत्या. गाणारी बाई आली नसती.”

“मग ही आली कुठून?” कुणीतरी विचारलं.

“ती दोन-दोन दिसते, त्यावरून कळतं. लहर एकदा सरळ येते, आणि एकदा कारखान्याच्या लोखंडी धुराड्यावर आपटून, किंचित उशिरा. म्हणून जुळी माणसं. गावात इतरत्र कुठेच असं होत नाही. फक्त कारखान्याच्या चाळीत होतं. तिथे मी एकच व्हिडिओ जोडलाय. अँटेना व्हिडिओतून टीव्हीत, अगदी पुस्तिकेप्रमाणे. ही सावली घालवायला तीन रविवार छपरावर चढलो होतो मी. गेली नाही.” त्यांनी मान वर केली. “तियो, तुम्हाला वाटलं सगळ्यांची जोडणी तुमच्यासारखीच असते.”

ब्राउलियोंच्या बोटांतली जपमाळ थांबली.

“चाळ कारखान्याची आहे,” ते शेवटी म्हणाले. “साहेबाने विचारलं, टेप हवी की छप्पर? माझी बायको अंथरुणाला खिळलीय. तुम्ही असता तर काय केलं असतं?”

“मी नवरा दिला, तियो,” एस्तर म्हणाली. “छपराचं मला नका सांगू. आणि स्वतःचं छप्पर वाचवायला या पोरीचं नाव का जाळलंत?”

म्हातारा पेटीला हात न लावता बाहेर पडला. कुणी त्याला वाट दिली, कुणी दिली नाही.

मघाशी भावाचं नाव काढणारी शेजारीण कोन्सिंगसमोर येऊन उभी राहिली. “काप जीभ,” ती म्हणाली.

“बस. उद्या कापते. आज हात दुखतायत.”

कुणीतरी हुंदका दिला. “पण टेप तर गेलीच ना! आता बाकोलोदला दाखवायचं काय?”

दुलोंनी खोलीभर पाहिलं. या वीस माणसांनी ती टेप पाहिली होती. काहींनी पाच-पाच वेळा. कारखान्याला पुसता आली ती फक्त कॅसेट; यांनी पाहिलेलं नाही.

“एस्तर,” ते म्हणाले, आणि या वेळी जीभ चिकटली नाही, “त्याचे हात कुठे होते?”

“वर.”

“कोन्सिंग?”

“वर. दोन्ही.”

मग न विचारताच एकेक जण बोलू लागला. वर. वर होते. मी पाहिलेत.

सकाळी पोस्ट उघडायच्या आधीच दुलो पायरीवर उभे होते. रात्रीतून त्यांनी तीन कागद फाडले होते. चौथ्यावर लिहिलं होतं:

‘पाल्माबाई, उत्तराला उशीर झाला, कारण मी भ्यालो होतो. टेप पुसली गेली आहे. कोणी आणि कशी पुसली, ते मी शपथेवर सांगेन. टेपमध्ये काय होतं, तेही सांगेन. मी एकटा येणार नाही. सोबत एकोणीस सह्या आहेत. बाकं जास्त मांडून ठेवा.’

खिडकीतल्या कारकुनाने पाकिटावरचा पत्ता वाचला, मग दुलोंकडे पाहिलं, मग आवाज उतरवून म्हणाला, “मानोंग, नक्की टाकायचं?”

“रजिस्टर करा,” दुलो म्हणाले.

कारकुनाने शिक्का उचलला आणि दणकन मारला.